फक्त गोळ्यांचं विचारून भागणार नाही

(होळीनंतर मिशन कंपाउंडमध्ये भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्यातील भाषण. मेळाव्याला मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, आशा ताई आणि वसतिगृहांचे अधीक्षकही हजर होते. वाचकांसाठी थोडं संक्षिप्त करून देत आहोत.)



दिवाळी झाली की आपली गावं रिकामी होतात. कोणी बारडोलीकडे ऊसतोडीला जातं, कोणी वीटभट्टीवर. होळीला माणसं घरी येतात, म्हणून हा मेळावा आपण होळीनंतर घेतो. आज इतक्या जणी लेकरं कडेवर घेऊन आल्या, देवाचे आभार.

एका आजाराचं नाव घ्यायलाही आपण कचरतो. आज मी दोन आजारांची नावं घेणार आहे, एचआयव्ही आणि कर्करोग. ही दोन नावं एकत्र का घ्यायची, ते मला एका ताईने शिकवलं. ती आज आपल्यात नाही. तिचं नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही, तालुकाही सांगणार नाही. जाण्यापूर्वी ती म्हणाली होती, "बाई, माझं नाव घेऊ नका, पण बाकीच्या बायकांना सांगा." ते काम मी आज करते आहे.

ती अकरा वर्षं एआरटीच्या गोळ्या घेत होती. एक दिवस चुकवला नाही. ऊसतोडीला जाताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्यायची आणि पालात पिठाच्या डब्यात ठेवायची. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजता येणार नाही इतकं कमी होतं. मी घरभेटीला जायची तेव्हा माझा प्रश्न ठरलेला असायचा, "ताई, गोळ्या चालू आहेत ना?" ती हो म्हणायची. आम्ही प्रार्थना करायचो. मी वहीत लिहायची, "गोळ्या चालू. तब्येत ठीक."

तिला दीड वर्ष अंगावरून जात होतं. पाळी नसतानाही रक्त जायचं. तिला वाटायचं, गोळ्यांची उष्णता आहे. शेजारणीने सांगितलं, पाळी जायची वेळ आली की असंच होतं. भगताने जडीबुटी दिली. मला ती बोलली नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. अखेर चालताना तोल जायला लागला तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तो आजूबाजूला पसरलेला होता. शहरात शेक दिला, औषधं दिली. पण उशीर झाला होता.

नंतर मी माझी जुनी वही काढली. त्या दीड वर्षात मी तिच्या घरी नऊ वेळा गेले होते. नऊही वेळा लिहिलं होतं, "तब्येत ठीक." ही चूक ना भगताची, ना डॉक्टरची. ती माझी आहे. म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

आता हे असं का होतं, ते सांगते.

आपल्या देशात एचआयव्ही पहिल्यांदा 1986 मध्ये चेन्नईत सापडला. त्यानंतर पुष्कळ वर्षं हा आजार म्हणजे मरण, असंच होतं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. 2017 पासून तपासणीत आजार निघाला की लगेच गोळ्या सुरू करतात, शक्ती कमी होण्याची वाट पाहत नाहीत. आपल्या मंडळ्यांत अशी माणसं आहेत की ज्यांच्यासाठी आपण कफन आणायची तयारी केली होती आणि आज ती नातवंडं खेळवत आहेत. ही मोठी कृपा आहे. पण माणूस जगायला लागला की त्याच्या पुढच्या आयुष्याची काळजीही घ्यावी लागते. ती काळजी आपण अजून घ्यायला शिकलो नाही.

ज्वारी हुरड्यात आली की आपण शेतात माळा बांधतो. राखणदार वर बसतो, हातात गोफण असते. पाखरं तर रोजच येतात, राखणदार त्यांना बसू देत नाही. आपल्या रक्तातल्या काही पेशी अशाच राखणदार आहेत. एचआयव्ही शेत खात नाही, तो राखणदाराला मारतो. मग पाखरांना रान मोकळं मिळतं.

ही पाखरं म्हणजे दुसरे विषाणू. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. लिंफोमा म्हणजे गाठींचा कर्करोग. त्याच्या काही प्रकारांमागे एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असतो. यकृताच्या कर्करोगामागे कावीळ ब आणि कावीळ क यांचे विषाणू असतात. निरोगी माणसाच्या अंगातही हे विषाणू शिरतात, पण राखणदार जागा असल्यामुळे बहुतेकदा ते नुकसान करू शकत नाहीत.

एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. 2008 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक तिघांना मिळालं. अर्धं पारितोषिक एचआयव्ही शोधणाऱ्या फ्रान्समधील फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटेनिए यांना, आणि अर्धं एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो हे दाखवणाऱ्या जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना. पारितोषिक देणाऱ्यांनी हे दोन विषाणू एका मंचावर आणले. आपल्या बायकांच्या शरीरात ते त्याआधीपासूनच एकत्र होते.

एचपीव्हीबद्दल ऐकून कोणी कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक स्त्री-पुरुषाला हा विषाणू आयुष्यात केव्हातरी लागतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं. ज्या बाईच्या अंगात तो मुक्काम करतो, तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी हळूहळू बिघडत जातात. साधारण बाईत त्याचा कर्करोग व्हायला 15 ते 20 वर्षं लागतात. ज्या बाईला एचआयव्ही आहे आणि उपचार नाहीत, तिच्यात हेच 5 ते 10 वर्षांत होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट असतो.

सहापट म्हणजे प्रत्येकीला होणारच, असं नाही. घाबरून घरी जाऊ नका. सहापट म्हणजे तिची तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी, एवढंच मनात ठेवा.

मग त्या ताईच्या गोळ्या तर चालू होत्या, तिला का झालं? मीही डॉक्टरांना हेच विचारलं. गोळ्यांनी राखणदार पुन्हा उठून बसतो, हे खरं. 2015 मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. 35 देशांतले 4,685 रुग्ण होते. अर्ध्यांना गोळ्या ताबडतोब दिल्या, अर्ध्यांना शक्ती कमी झाल्यावर. लगेच गोळ्या मिळालेल्यांत कर्करोगाचे 14 रुग्ण निघाले, उशिरा मिळालेल्यांत 39. म्हणजे गोळ्या कर्करोगापासूनही वाचवतात. पण आपल्याकडच्या कितीतरी जणींना गोळ्या सुरू झाल्या तेव्हा राखणदार आधीच कितीतरी वर्षं पडून होता. त्या काळात पाखरांनी जी कणसं टोचली, ती नंतर राखणदार उठला म्हणून परत भरत नाहीत. शेतात उतरून कणसं पाहावी लागतात. त्यालाच तपासणी म्हणतात.

दुसऱ्या कर्करोगांचं थोडक्यात सांगते. 1981 मध्ये अमेरिकेत एड्सची पहिली चाहूल लागली तेव्हा काही तरुणांच्या अंगावर कपोसी सार्कोमा नावाचा कर्करोग दिसला होता. तो आपल्या देशात क्वचित दिसतो. आपल्याकडे काळजी आहे ती गर्भाशयमुखाची, गाठींची आणि तोंडाची.

गाठींचं नीट ऐका. मानेत, काखेत, जांघेत गाठ आली, ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरतं, की आपण म्हणतो, टीबी आहे. बहुतेक वेळा टीबीच असतो आणि त्याचे उपचार घ्यायलाच हवेत. पण लिंफोमाही असाच दिसतो. म्हणून गाठ आली तर सुईने पाणी काढून किंवा तुकडा काढून तपासा, असं डॉक्टरांना आपणच म्हणावं. टीबीची औषधं चालू असूनही गाठ वाढतच असेल, तर कोर्स पूर्ण व्हायची वाट पाहत बसू नका, परत जा.

तोंडाचं कारण तर आपल्या खिशातच आहे. तंबाखू, विडी, गुटखा, आणि बायकांची मिश्री. मिश्री लावणारी बाई म्हणते, मी तंबाखू खात नाही, दात घासते. ताई, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे की गोळ्या व्यवस्थित घेणाऱ्या माणसाचं आयुष्य एचआयव्हीपेक्षा धूम्रपानानेच जास्त घटतं. देवाने आणि औषधाने वाचवलेलं आयुष्य विडीला द्यायचं का? आणि दारूचं बंधूंनी ऐकावं. ज्याला कावीळ ब किंवा क आहे, त्याच्या यकृतावर दारू म्हणजे जळत्या घरावर रॉकेल.

आता करायचं काय?

एचआयव्ही असलेल्या प्रत्येक ताईने वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. इतर स्त्रियांनी तिसाव्या वर्षापासून. एचपीव्हीची चाचणी मिळाली तर ती सगळ्यांत चांगली. ती दर 3 ते 5 वर्षांनी करायची. नाही मिळाली तर व्हीआयए नावाची साधी तपासणी आहे. नर्सताई पातळ केलेलं व्हिनेगरसारखं औषध कापसाने लावतात. थोड्या वेळाने बिघडलेला भाग पांढरा दिसतो. भूल नाही, कापणं नाही. भाग बिघडलेला असेल तर पुष्कळदा तिथल्या तिथे गोठवून किंवा शेकून तो नष्ट करता येतो आणि कर्करोग व्हायच्या आधीच थांबतो. एचआयव्ही असेल तर तो परत येण्याची शक्यता जास्त, म्हणून वर्षभराने पुन्हा दाखवायचं.

ही मोठ्या शहरातल्या श्रीमंतांची गोष्ट नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. ज्या वस्त्यांत व्हीआयए झाली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आणि आज ज्याला आपण धाराशिव म्हणतो, त्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेड्यांतल्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. त्याचा निकाल 2009 मध्ये आला. एचपीव्हीची एकदाच चाचणी झालेल्या गटात, तपासणी न झालेल्या गटापेक्षा पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू जवळजवळ निम्मे होते. एका चाचणीने एवढं झालं. त्या बायका शेतमजूर होत्या, तुमच्यासारख्याच.

इथे एक इशारा देते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याची गोष्ट 2019 मध्ये राज्यभर गाजली. त्यातल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घातली होती. "पिशवी काढ, कटकट जाईल, खाडा पडणार नाही." भीतीवरचा उपाय ऑपरेशन नाही, तपासणी आहे. तपासणीचा कागद हातात नसताना कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

मुलींसाठी लस आहे. 9 ते 14 वर्षांच्या वयात ती सगळ्यांत चांगली लागू होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लसही आता आहे. ज्या मुलीला जन्मापासून एचआयव्ही आहे, तिला तर ती हवीच. तिला किमान दोन आणि शक्य असेल तर तीन डोस लागतात. पण वसतिगृहांच्या अधीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. 2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना ही लस देताना कितीतरी मुलींच्या अर्जावर आई-बापाऐवजी वसतिगृहातल्या लोकांनी सह्या केल्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध असण्याची शक्यता दिसली नाही. पण विश्वास गेला आणि 2010 मध्ये काम थांबवावं लागलं. आपल्या मुलींच्या आयांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा. त्यांना प्रश्न विचारू द्या. सही त्यांचीच घ्या.

आणि कर्करोग निघालाच तर? एचआयव्ही आहे म्हणून कर्करोगाचे उपचार होत नाहीत, हे खोटं आहे. होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. एआरटीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडची औषधं दाखवायची, कारण काही औषधं एकमेकांशी जमत नाहीत. एचआयव्ही आहे म्हणून कोणी उपचार नाकारले, तर 2017 चा कायदा आपल्या बाजूने आहे. तोच कायदा सांगतो की त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचा आजार कोणी उघड करायचा नाही. पाळकांनीसुद्धा नाही, आणि मीसुद्धा नाही.

आता आपल्या मंडळ्यांबद्दल बोलते.

मार्काच्या शुभवर्तमानात एक बाई आहे. बारा वर्षं तिला रक्तस्राव होत होता. वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं संपलं होतं. ती गर्दीतून मागून आली आणि लपून प्रभूच्या वस्त्राला हात लावला. धर्मशास्त्राचा डिप्लोमा करताना या भागावर मी संदेश लिहिला होता, विषय होता विश्वास. चांगले गुण मिळाले. पण ती बाई मागून का आली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो. ती मागून आली, कारण समोरून यायला तिला जागाच नव्हती. रक्त जाणारी बाई म्हणजे अशुद्ध, तिचा स्पर्श नको, असं लोकांनी ठरवलं होतं. आपली ताईही दीड वर्ष अशीच मागे उभी होती. उपासनेला शेवटच्या रांगेत, दाराजवळ. डाग पडला तर लगेच उठून जाता यावं म्हणून. हे मला तिने शेवटच्या दिवसांत सांगितलं.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रभूने गर्दीत विचारलं ते एवढंच, की मला कोणी स्पर्श केला. तुला काय आजार आहे, तो कशामुळे झाला, कोणाकडून लागला, हे विचारलं नाही. जे सांगायचं ते तिने आपणहून सांगितलं. आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली. आपण उलट करतो. आजार कुठून आला हे आधी विचारतो, मुलगी नंतर म्हणतो, कधीकधी म्हणतच नाही.

म्हणून पाळकांना माझी विनंती आहे. व्यासपीठावरून या आजाराला पापाची शिक्षा म्हणू नका. तुमचं ते एक वाक्य ऐकून शेवटच्या रांगेतली एखादी बाई आणखी सहा महिने गप्प बसते. त्या सहा महिन्यांत काय होतं, ते मी पाहिलं आहे.

बंधूंनो, बायकोला तपासणीला जायचं असेल तर "कशाला?" असं विचारू नका. एक दिवस चूल सांभाळा, लेकरं सांभाळा.

आशा ताई आणि माझ्या सहकाऱ्यांनो, तपासणीला एचआयव्हीच्या बायकांना वेगळ्या काढून नेऊ नका. गावातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांना एका जीपमध्ये न्या. ज्यांचं वय पंचवीस ते तीस आहे आणि ज्यांना गरज आहे, त्यांना गाजावाजा न करता सोबत घ्या. सगळ्या जणी गेल्या की कोण का गेली, हे कोणाला कळत नाही.

आता माझ्या वहीत "गोळ्या चालू आहेत ना?" याच्याखाली आणखी चार प्रश्न आहेत. पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जातं का? अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का? मान, काख, जांघ यांत गाठ आहे का? तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना मला सुरुवातीला फार लाज वाटायची. ज्यांना विचारते त्यांनाही वाटते. मग मी सांगते की एका ताईला मी हे विचारलं नव्हतं. त्यानंतर बहुतेक जणी बोलतात.

आज जेवणानंतर उजव्या हाताच्या खोलीत नर्सताई बसणार आहेत. पुढच्या मंगळवारी आणि गुरुवारी जीप उपजिल्हा रुग्णालयात जाईल. नाव तपासणीसाठी लिहायचं, कारण लिहायचं नाही. पहिलं नाव मी माझं लिहिलं आहे. मी चाळीस ओलांडली आणि माझीही तपासणी राहिली आहे.